आवडत्या पलटणी आणि त्यांचा खर्च

प्रशासनविषयक लेखांमध्ये संगणकावरील खेळाचा विषय यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. पन्नाशी ओलांडलेल्या सरकारी अधिकाऱ्याने रात्री जेवणानंतर रोमन सैन्याच्या हालचाली करीत बसावे, हे घरातही फारसे कौतुकाने पाहिले जात नाही. हा खेळ माझ्या संगणकावर मुलाने घातला. तो पुढे शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेला, खेळ मात्र राहिला. आधी कुतूहल म्हणून आणि नंतर सवय म्हणून मी तो खेळत राहिलो. त्यातून जे काही सुचले ते येथे नोंदवून ठेवतो.

‘रोम: टोटल वॉर’ हा मूळ खेळ 2004 सालचा. त्यात इतिहासाशी बरीच मोकळीक घेतलेली होती. कथा इ.स.पू. 270 मध्ये सुरू होते, परंतु तेव्हा ग्रीक राजवंशाच्या अमलाखाली असलेल्या इजिप्तला आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या फेरोंचे रथ देऊन टाकलेले. हे न पटलेल्या काही हौशी अभ्यासकांनी एकत्र येऊन, एक पैसाही न घेता, त्याच खेळाचे अंतरंग बदलून ‘युरोपा बार्बारोरम’ नावाचा नवा अवतार तयार केला. अशा फेररचनेला खेळाडूंच्या भाषेत ‘मॉड’ म्हणतात. यात कथा इ.स.पू. 272 मध्ये सुरू होते. प्रत्येक राज्य आपल्या भाषेतील नावाने वावरते, सैनिक त्या त्या प्राचीन भाषेत आरोळ्या देतात, आणि प्रत्येक पलटणीबरोबर एक लांबलचक टिपण असते: हे लोक कोण, कोठले, त्यांची शस्त्रे कोणती, त्यांना सैन्यात कोण आणि का आणत असे. पुढे ‘मेडिएव्हल 2’ या खेळाच्या पायावर याच मंडळींनी दुसरी आवृत्ती उभी केली आणि तीत तक्षशिलेलाही स्वतंत्र राज्य म्हणून स्थान दिले.

मुलाला लढाया आवडत. मला टिपणे आवडली, आणि त्याहून अधिक आवडली ती खर्चाची पत्रके. प्रत्येक पलटणीला उभारणीचा एकदाच येणारा खर्च आहे आणि दर खेपेला येणारा पोसण्याचा खर्च आहे. वर्षाच्या चार खेपा, म्हणजे चार तिमाह्याच. शिवाय पलटण उभी केली की तेवढी माणसे त्या शहराच्या लोकसंख्येतून वजा होतात आणि ती शहरात बरखास्त केली तर लोकसंख्येत परत मिळतात. नांगर सोडून भाला धरणाऱ्या माणसाची ही नोंद पाहून माझ्यातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फार समाधान वाटले. त्यामुळे माझ्या आवडत्या पलटणींची यादी शौर्यावर ठरलेली नाही. ज्या पलटणीमागची वेतनव्यवस्था मला उलगडली, ती माझी आवडती झाली.

पहिला मान रोमच्या ‘ट्रिआरी’ पलटणीचा. रोमन सैन्य तीन ओळींत उभे राही. पुढे तरुण ‘हास्ताती’, मध्ये भर वयातील ‘प्रिन्किपेस’ आणि सर्वांत मागे लांब भाले घेऊन एक गुडघा टेकून वाट पाहणारे वयस्क ट्रिआरी. पॉलिबियसने दिलेल्या हिशेबानुसार 4,200 च्या लिजनमध्ये पहिल्या दोन ओळींत प्रत्येकी 1,200 आणि ट्रिआरी केवळ 600 असत. गोष्ट ट्रिआरींपर्यंत आली, असे रोमन लोक म्हणत तेव्हा त्याचा अर्थ आता शेवटचाच आधार उरला असा असे. प्रत्येक कार्यालयात असे दोनतीन ट्रिआरी असतात. एरवी ते कोपऱ्यात बसून असतात. संसदेत अडचणीचा प्रश्न आला आणि वीस वर्षांपूर्वीची फाईल शोधायची वेळ आली की त्यांच्याकडे जावे लागते.

या पलटणीमागे जनगणना होती. ‘सेन्सस’ हा शब्द आपल्यापर्यंत रोमकडूनच आला आहे. नागरिकाची मालमत्ता मोजली जाई, तिच्यावरून त्याचा वर्ग ठरे आणि वर्गावरून त्याने कोणती शस्त्रे बाळगायची ते ठरे. शस्त्रे ज्याची त्याने आणायची. दहा हजार द्राख्मांहून अधिक मालमत्ता असलेल्याने छातीवरील साध्या पत्र्याऐवजी कड्यांचे चिलखत घालावे असा संकेत होता. पायदळाच्या सैनिकाला दिवसाला दोन ओबोल भत्ता मिळे, पण धान्य, कपडे आणि बदली शस्त्रे यांची किंमत खजिन्याचा अधिकारी त्यातून कापून घेई. मित्रराष्ट्रांच्या सैनिकांना मात्र धान्य फुकट मिळे. पॉलिबियसच्या सहाव्या ग्रंथातील हा मजकूर वाचताना आपण वेतनपत्रकाची उजवी बाजू वाचीत आहोत असे वाटते.

रोमन घोडदळातही असाच एक भेद होता. काही स्वारांना घोडा सरकारी खर्चाने मिळे, काही स्वतःचा घोडा आणीत. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःच्या घोड्यावरचा शिलेदार आपल्याला ठाऊक आहेत. घोडा मेला तर नुकसान कोणाचे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर स्वार रणात किती पुढे जाईल हे पुष्कळदा अवलंबून असते.

मॉडमध्ये रोमची लष्करी व्यवस्था टप्प्याटप्प्याने बदलते आणि शेवटी मारियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणा येतात. इ.स.पू. 107 मध्ये मारियसने मालमत्ता नसलेल्यांनाही सैन्यात घेतले हे खरे, परंतु एका माणसाने एका झटक्यात सारी व्यवस्था बदलली, असे आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. गरज पडेल तसे नियम शिथिल होत गेले आणि नंतर इतिहासाने त्या सर्वांवर एकाचे नाव लिहिले. शासकीय सुधारणांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे चटकन पटेल.

दुसरी पलटण इजिप्तची, ‘मचिमोई’. टॉलेमी राजांनी आपल्या ग्रीक-मॅसिडोनियन सैनिकांना जमिनी देऊन वसवले होते. मोजमाप ‘अरूरा’ या एककात होई. एक अरूरा म्हणजे एकराच्या दोनतृतीयांशाहून किंचित अधिक. घोडेस्वाराला 100 अरूरांपर्यंत, म्हणजे सुमारे 68 एकर जमीन मिळे. पायदळातील ग्रीक वसाहतकऱ्याला 25 ते 30 अरूरा. मचिमोई सैनिकाचा वाटा याहून पुष्कळ लहान, बहुधा पाच किंवा सात अरूरा, म्हणजे साडेतीन ते पावणेपाच एकर. मॉडमध्ये ही पलटण स्वस्त आहे. ती स्वस्त का आहे, हे या आकड्यांवरून कळते.

इ.स.पू. 217 मध्ये रफियाच्या लढाईसाठी चौथ्या टॉलेमीला माणसे कमी पडली, तेव्हा 20,000 इजिप्शियनांना लांब भाल्याच्या व्यूहात लढण्याचे शिक्षण देण्यात आले. लढाई जिंकली. पॉलिबियस म्हणतो की तो निर्णय त्या वेळेपुरता योग्य असला तरी पुढच्या दृष्टीने चुकीचा होता, कारण विजयाने त्या लोकांचा आत्मविश्वास वाढला आणि ते आज्ञा मानीनासे झाले. थोड्याच वर्षांत दक्षिण इजिप्तने स्वतःचे फेरो उभे केले आणि सुमारे वीस वर्षे, इ.स.पू. 186 पर्यंत, तो प्रदेश पुरता हाती आला नाही. बंडाची कारणे अनेक होती. पण समान काम करून घ्यायचे आणि जमीन मात्र पाचव्या-सहाव्या हिश्श्याने द्यायची, ही व्यवस्था किती काळ टिकणार होती? पॉलिबियसला त्या लोकांचे शिक्षण खटकले. मला जमिनीचा तक्ता खटकतो.

याच जमिनींच्या नोंदींतून माझा एक आवडता माणूस भेटतो. त्याच्या हातात भाला नाही. मेन्खेस हा इ.स.पू. 120 ते 110 च्या सुमारास केर्केओसिरिस नावाच्या खेड्याचा ग्रामलेखक होता. आपण त्याला तलाठी म्हणू. कोणाकडे किती अरूरा, पेरा काय, कोणती जमीन पडीक, हे सारे तो लिहून ठेवी. त्याचे कागद रद्दीत गेले, त्या रद्दीत मगरींच्या ममी गुंडाळल्या गेल्या आणि 1900 च्या सुमारास ग्रेनफेल आणि हंट यांना त्या सापडल्या म्हणून ते आपल्यापर्यंत आले. त्याला पदावर पुन्हा नेमताना अट अशी होती की त्याने दहा अरूरा पडीक जमीन स्वखर्चाने लागवडीस आणावी आणि तिचा खंडही भरावा. एकवीस शतकांपूर्वीच्या त्या सहव्यवसायीबद्दल मला सहानुभूती वाटल्याखेरीज राहत नाही.

तिसरी पलटण हत्तींची. सेल्यूकसने चंद्रगुप्ताशी तह करून 500 हत्ती मिळवले आणि इ.स.पू. 301 मध्ये इप्ससच्या रणांगणावर त्यांचा निर्णायक उपयोग केला, हे शाळेच्या पुस्तकातही असते. मला या पलटणीमागचे अर्थशास्त्रातील खाते आठवते. कौटिल्याने हत्तींसाठी स्वतंत्र अध्यक्ष सांगितला आहे, राखीव हत्तीवने सांगितली आहेत आणि हत्ती मारणाऱ्याला देहान्त शिक्षा सांगितली आहे. हत्ती पाळून वाढवण्यापेक्षा वनातून प्रौढ हत्ती धरणे परवडते. म्हणून वन राखणे हाच संरक्षणखर्च. खेळात हत्तींची पलटण भयंकर महाग आहे. त्या किमतीत पूर्वेकडचे एक अख्खे वनखाते सामावलेले आहे, असे मी मानतो.

कौटिल्याचे भृत्यभरणीयाचे प्रकरण तर प्रत्येक वेतन आयोगाने चाळावे असे आहे. नोकरांवरचा खर्च महसुलाच्या चौथ्या हिश्श्यात बसवावा असे तो म्हणतो. प्रशिक्षित पायदळ सैनिकाला वर्षाला 500 पण आणि हिशेबनीस-लेखक वर्गालाही तेवढेच 500 पण. ही बरोबरी वाचून आमच्या कार्यालयातील लेखा विभागाचे लोक प्रसन्न झाले होते. कामावर असताना जो मरेल त्याच्या मुलाबायकोला अन्न आणि वेतन मिळावे असेही तो सांगतो. आणि खजिना लहान असेल तर वनोपज, गुरे, जमीन द्यावी आणि रोकड थोडी द्यावी. राजाराम महाराजांच्या काळात खजिन्यात काही नसताना सरंजामांचा मार्ग का धरावा लागला, याचे कारण या एका सल्ल्यात सापडते.

आता चौथी पलटण, आणि हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त. कार्थेजचे लिबियन भालाईत. खेळात ही साधी, मध्यम खर्चाची, भरवशाची पलटण आहे. इ.स.पू. 264 ते 241 अशी तेवीस वर्षे रोमशी झुंजून कार्थेज हरले, तेव्हा सिसिलीत त्यांचे सुमारे 20,000 भाडोत्री आणि लिबियन सैनिक उरले होते आणि त्यांचा पगार थकला होता. खजिना रिता, शिवाय रोमला खंडणी: एक हजार टॅलेंट ताबडतोब आणि 2,200 टॅलेंट दहा वर्षांत.

सिसिलीतला कार्थेजचा अधिकारी गिस्को हा शहाणा माणूस. त्याने सैनिकांना एकदम न पाठवता लहान लहान तुकड्यांनी, मध्ये अंतर ठेवून जहाजांवर चढवले. पहिल्या तुकडीचा हिशेब चुकता होऊन ती आपापल्या गावी जावी, मग दुसरी यावी, असा त्याचा विचार. राजधानीने तो विचार मोडून काढला. सगळे जमले की सगळ्यांशी एकदम बोलू आणि थोडी सूट मागून घेऊ, असा तेथील हिशेब. माणसे साठत गेली. शहरात दंगे होऊ लागले तेव्हा प्रत्येकाला किरकोळ खर्चासाठी एकेक सुवर्णनाणे देऊन, बायकामुले आणि सामानासकट सिक्का नावाच्या गावी पाठवण्यात आले. तेथे त्यांना काम नव्हते. ते येणे मोजत बसले आणि मोजता मोजता ते वाढत गेले. मग हॅनो तेथे गेला आणि राज्याच्या हलाखीचे वर्णन करून त्याने कपातीची विनंती केली. भडका उडाला. सैन्य ट्यूनिसपर्यंत चालून आल्यावर कार्थेजने सर्व काही कबूल केले, परंतु तोवर मागण्या पगारापुरत्या राहिल्या नव्हत्या. पैसे घेऊन शेवटी गिस्कोलाच पाठवले गेले. त्याला पकडण्यात आले आणि पुढे हालहाल करून मारण्यात आले. युद्धकाळात लिबियन शेतकऱ्यांकडून निम्मे पीक वसूल केलेले असल्याने ती गावेही बंडात उतरली. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असे पॉलिबियस लिहितो. हे युद्ध तीन वर्षे आणि सुमारे चार महिने चालले. त्या गोंधळात सार्डिनिया गेले आणि रोमने वर आणखी 1,200 टॅलेंट उकळले.

मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले, कारण मला एक फाईल आठवली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पूर्वेकडील एका राज्यात आमच्या एका लहान कार्यालयाचा कारभार माझ्याकडे होता. क्षेत्रीय मोजणीच्या कामावर अकरा रोजंदार माणसे होती. साखळी धरणारे, खुणांचे दगड रोवणारे. त्यांच्या मंजुरीची मुदत संपली होती. नवी मंजुरी वरून यायची होती. काम मात्र चालू होते, कारण पावसाळ्यापूर्वी ते संपवायचे होते. मार्च महिन्यात माझ्या साहाय्यकाने नोंद घातली की झालेल्या कामाची मजुरी उपलब्ध तरतुदीतून दर आठवड्याला थोडी थोडी द्यावी आणि कार्योत्तर मंजुरी घ्यावी. मी खाली लिहिले की मंजुरी येईपर्यंत थांबावे, सर्व रक्कम एकत्रितपणे पुढील वर्षाच्या तरतुदीतून भागवावी. वाक्य नियमाला धरून होते. लेखापरीक्षेत त्यावर एक शब्दही आला नसता, आणि आलाही नाही.

मंजुरीला सात महिने लागले. त्यांतल्या एका वयस्क खलाशाने एकदाच माझ्यासमोर येऊन वाण्याची वही टेबलावर ठेवली होती. तो काही मागत नव्हता. किती दिवस लागतील एवढे सांगा, म्हणजे वाण्याला तसे सांगता येईल, असे त्याचे म्हणणे. मी त्याला प्रकरण विचाराधीन असल्याचे सांगितले. त्यांनी दंगा केला नाही, घोषणा दिल्या नाहीत. एकेक जण येईनासा झाला. पैसे आले तेव्हा अकरांपैकी चार जणांनी ते घेतले, बाकीचे कोठे गेले याचा शोध लागला नाही, आणि ती रक्कम नियमानुसार परत केली गेली. पुढच्या हंगामात नव्या माणसांनी जुन्या खुणा चुकीच्या ओळखल्या आणि दोन गावांची मोजणी पुन्हा करावी लागली. तिचा खर्च थकलेल्या मजुरीच्या कितीतरी पट होता. तो मात्र कोणीही न कुरकुरता मंजूर झाला.

माझा साहाय्यक गिस्को होता, हे मला फार उशिरा कळले. तो ट्रिआरी वर्गातला होता. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. त्याने पुन्हा कधी या विषयावर नोंद घातली नाही आणि मीही त्याच्याशी कधी बोललो नाही. ते बोलायला हवे होते.

शेवटची पलटण थोडक्यात. ‘आर्गीरास्पिदेस’, म्हणजे रुपेरी ढालींचे सैनिक. मॉडमध्ये सेल्यूकसच्या वारसांची ही सर्वोत्तम पलटण आहे. हे नाव प्रथम मिरवणारे लोक अलेक्झांडरच्या पदरचे जुने सैनिक होते. इ.स.पू. 316 च्या सुमारास गाबिएनेच्या लढाईत ते हरले नाहीत, पण शत्रूने त्यांचा तळ लुटला. तळावर त्यांची बायकामुले आणि जन्मभराची कमाई होती. ती परत मिळावी म्हणून त्यांनी आपला सेनापती यूमेनेस शत्रूच्या हवाली केला. शत्रूने त्याला मारले, आणि अशा माणसांवर कोण विश्वास ठेवणार म्हणून त्यांना दूर अराकोशियाच्या सरहद्दीवर, ती संपून जावीत अशा सूचनेसह, पाठवून दिले. निष्ठा विकली म्हणून इतिहास त्यांना दोष देतो. आयुष्यभराच्या नोकरीची सारी पुंजी एका बोचक्यात ठेवायला लावणाऱ्या व्यवस्थेला तो काही म्हणत नाही. निवृत्तिवेतन ही काय वस्तू आहे, हे मला या पलटणीने शिकवले.

एवढ्या काटेकोर मॉडमध्येही एक उणीव आहे. खजिना उणे झाला तर नवी भरती थांबते, नवे बांधकाम थांबते, परंतु उभ्या असलेल्या पलटणी जशाच्या तशा उभ्या राहतात. कोणी वाण्याची वही घेऊन येत नाही. एक दिवस मोजताना चार भालाईत कमी भरले, असे होत नाही. खेळात थकबाकी नावाची गोष्टच नाही. ती असती तर कार्थेज खेळणे कोणाला जमले नसते.

मुलगा सुटीत आला की माझ्या मोहिमा पाहून हसतो. राज्य लहान आहे, जिंकण्यासारखी शहरे शेजारीच आहेत आणि बाबा जुन्या, निम्म्या उरलेल्या पलटणी बरखास्त न करता पोसत बसतात, हे त्याला पटत नाही. बरखास्तीला कळफलकावरची एक कळ पुरते, हे त्यानेच मला दाखवले होते. असो. सध्या माझा खजिना शिल्लकीत आहे, आणि सिसिलीहून माणसे आणायची झाली तर मी ती तुकड्यातुकड्यांनीच आणतो.